दुबार धुतलेली मांजरी

बसच्या वर्कशॉपमध्ये त्याला सगळे वस्ताद म्हणायचे. पाठ फिरली की दुबार. कुणी गिअरबॉक्सचं झाकण धुऊन आणलं, की तो ते उजेडाकडे धरायचा, कडेवरून नख फिरवायचा, नखाकडे बघायचा आणि म्हणायचा, "दुबार." म्हणजे परत धू. नखावर काळं असो की नसो. पहिल्या धुण्यात मळ निघतो, दुसऱ्या धुण्यात पार्ट निघतो, असं त्याचं म्हणणं होतं.

मी टायर विभागात होतो, म्हणून वस्ताद मला टायरच म्हणायचा. आमचं काम पाठीचं, त्याचं कानाचं. इंजिनात बिघाड कुठे आहे ते तो लोखंडी सळई लावून ऐकायचा. सळईचं एक टोक इंजिनावर, दुसरं कानामागच्या हाडावर, डोळे मिटलेले. मग एक बोट पुढे करायचा. इथे उघडा. बहुतेक वेळा तिथेच असायचं.

त्याचा त्रासही सांगितला पाहिजे. त्याच्यापायी माणसं उशिरा घरी गेली. रॉकेलच्या हौदात हात घालून घालून पोरांच्या बोटांची सालं निघाली. एक मेकॅनिक होता, त्याला आम्ही चालेल म्हणायचो, कारण कशालाही "चालेल" म्हणायची त्याला सवय होती. वस्तादाने एकदा त्याच्याकडून एकच गिअरबॉक्स सगळ्या शेडसमोर दिवस मावळेपर्यंत धुऊन घेतला. चालेलच्या डोळ्यांत पाणी आलं. वस्ताद म्हणाला, "डोळे नंतर पूस, आधी हे पूस." हसलो आम्ही. चालेल हसला नाही.

निवृत्त झाल्यावर वस्ताद विधवा बहिणीबरोबर माझ्या समोरच्या घरात राहायला आला. त्याने लग्न केलं नव्हतं. बहीण मोठी, तिला सगळी गल्ली ताई म्हणते. गुडघे गेलेले, जीभ शाबूत. मागच्या अंगणात पत्र्याची शेड होती. तिथे तो पाण्याचे पंप आणि लहान इंजिनं दुरुस्त करायचा. पेन्शन कमी, पंपांवर घर चालायचं.

मांजरी त्याला इंजिनातच मिळाली. एक टेम्पोवाला तक्रार घेऊन आला होता, की गाडी बंद केली तरी आतून चिरचिर आवाज येतो. वस्तादाने सळई लावली, ऐकलं आणि म्हणाला, "हे इंजिन नाही. ह्याला भूक लागली आहे." रेडिएटरच्या मागून मुठीएवढं पिल्लू निघालं. अंग पांढरं आणि एका डोळ्याभोवती काळं कडं. नटाखाली लोखंडी चकती बसते ना, अगदी तसं. चकतीला आमच्याकडे वायसर म्हणतात. नाव तेच पडलं.

वायसर ताईच्या हातून जेवायची आणि वस्तादाच्या हातावर झोपायची. तो बाकावर बसला, की त्याच्या उघड्या तळहातावर हनुवटी टेकायची. मग तो हात वस्ताद हलवायचा नाही. दुसऱ्या हाताने स्क्रू पिळायचा, कसाबसा. मी म्हणायचो, "अरे, उठव तिला." तो म्हणायचा, "एका हातानेही काम होतं, टायर. करणाऱ्याला होतं."

ते घडलं त्या दिवशी मी त्याच्या शेडमध्येच होतो. त्याने एका इंजिनातलं जळकं तेल ट्रेमध्ये काढलं होतं. ताईने चहाला हाक मारली. आम्ही आत गेलो. ट्रे उघडा राहिला. वायसर वरच्या फळीवरून पालीमागे झेपावली आणि थेट ट्रेमध्ये पडली. आम्ही धावत आलो तर पांढरी मांजरी काळी झाली होती. फक्त डोळे दिसत होते.

वस्ताद घाबरला नाही. तेल काढायचं कसं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? त्याने रॉकेल ओतलं, मऊ ब्रश घेतला, पुसायला सुताचा गुंता, म्हणजे वेस्ट घेतलं आणि तिला धुवायला बसला. मान, पोट, शेपूट, कानांच्या मागे, पंजाच्या एकेका बोटाच्या मध्ये. ती ओरडत होती, ओरबाडत होती. त्याच्या मनगटावर रक्त आलं. तो मऊ आवाजात सांगत होता, "झालं, झालं बाळा, एवढंच." मलाही त्यात वावगं वाटलं नाही. आमच्या हातांचं तेल आयुष्यभर रॉकेलनेच निघालं.

तेल निघालं. त्याने पोटावरचे केस नखाने विंचरले, नख बघितलं आणि म्हणाला, "दुबार."

परत नवं रॉकेल, नवं वेस्ट. मग एकदा पाण्यातून काढून कोरडी पुसली. मांजरी पहिल्यापेक्षा पांढरी दिसत होती. ती कोपऱ्यात जाऊन अंग चाटत बसली. रात्र पडेपर्यंत चाटतच होती. वस्ताद कौतुकाने म्हणाला, "बघ, माझ्यावर गेलीय. स्वतः परत एकदा करून घेतेय."

सकाळी ताईने मला हाक मारली. तिची हाक नेहमी खणखणीत असते, ही नव्हती. मी गेलो. वायसर बाकाखाली पसरली होती. तोंडातून लाळ, अंग थरथरतंय, पोट भात्यासारखं वरखाली. ताईने समोर दूध ठेवलं होतं, त्याला तोंड लागलं नव्हतं. वस्ताद जमिनीवर आडवा झाला आणि त्याने तिच्या बरगडीला कान लावला. डोळे मिटले. बराच वेळ तसाच राहिला. उठला तेव्हा चेहरा उतरला होता.

"आत शिट्टी आहे," तो म्हणाला. "हवा नीट जात नाही."

आमच्या भागात जनावरांचा सरकारी दवाखाना आहे. चालत जाण्याइतका जवळ. भाजीच्या टोपलीत जुना सदरा अंथरून तिला ठेवलं आणि गेलो. दवाखान्यात शेणाचा आणि फिनेलचा वास. डॉक्टर नव्हते. कंपाउंडर खुर्चीत बसून सफरचंद कापत होता.

"डॉक्टर मेंढ्यांच्या लसीकरणाला गेलेत. गाय आहे का?"

"मांजर आहे," वस्ताद म्हणाला.

कंपाउंडरने टोपलीत डोकावून बघितलं. "आमच्याकडे गाय, बैल, शेळी, मेंढी, कोंबडी. मांजर 'इतर'मध्ये येतं. 'इतर'साठी औषधच येत नाही."

"मग 'इतर'ने मरायचं का?" मी विचारलं.

"माझ्यावर कशाला चिडता, आजोबा? मी काय मांजराच्या विरोधात आहे का?" तो उठला, कपाटातून बाटली काढली. "एक सुई देऊ शकतो. मात्रा गाईची आहे. अंदाजाने कमी करतो."

"अंदाजाने?" वस्ताद म्हणाला. टोपली उचलून तो बाहेर पडला.

पाळीव जनावरांचा खासगी दवाखाना नव्या वस्तीत होता, शहराच्या दुसऱ्या टोकाला. बसमध्ये चढलो. बस जुन्या बनावटीची होती. तिचं इंजिन एकदा तरी वस्तादाच्या हाताखालून गेलं असणार. निम्म्या वाटेवर एका बाईने नाकाला रुमाल लावला. रॉकेलचा वास येतोय म्हणाली, आग लागेल म्हणाली. कंडक्टर आला. तरणा होता, आम्हाला ओळखण्याचं कारण नव्हतं.

"काय आहे टोपलीत?"

"आजारी मांजर. दवाखान्यात नेतोय."

"जनावर चालत नाही. उतरा."

"अरे बाबा, ह्या गाड्या आम्ही..." मी बोलायला लागलो. वस्तादाने माझा दंड धरला आणि आम्ही उतरलो. तो नियम त्यालाही पाठ होता.

पुढची वाट पायी. ऊन कडक. वस्तादाने स्वतःची टोपी टोपलीवर धरली होती आणि स्वतःचं टक्कल उन्हात. मी म्हणालो, "आलटूनपालटून घेऊ." त्याने टोपली दिली नाही. मध्येच थांबायचा, कान लावायचा, परत चालायचा. एकदा कान लावला आणि तसाच उभा राहिला. मला वाटलं, संपलं. मग तो चालायला लागला, आधीपेक्षा भराभर.

दवाखान्याला काचेचं दार होतं. आत थंडगार. एका बाईच्या मांडीवर स्वेटर घातलेलं कुत्रं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, वेळ घेतली होती का?"

"वेळ हिच्याकडे नाही," वस्ताद म्हणाला.

मुलीने टोपलीत बघितलं आणि ती नंबर वगैरे न विचारता उठून आत गेली. हे तिचं मी विसरणार नाही.

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, डोळ्यांखाली काळं, बोलणं थोडक्यात. तिने वायसरला टेबलावर घेतलं, हिरड्या बघितल्या, छाती तपासली. कातडी पोटाकडे लाल झाली होती, ती आम्हाला आता दिसली.

"कशात पडली?"

"जळक्या तेलात."

"उलटी करवलीत का?"

"नाही."

"बरं केलंत. धुतलं कशाने?"

"रॉकेलने."

तिचा हात थांबला. "सगळं अंग?"

"सगळं. कानामागे, बोटांच्या मध्ये. ब्रशने." वस्ताद तिला कामाचा तपशील देत होता, साहेबाला द्यावा तसा. "आणि दुबार."

"म्हणजे?"

"दोनदा धुतली. नीट."

बाईने चष्मा काढून हातात घेतला. "काका, तेलापेक्षा रॉकेल वाईट. तिने ते चाटलं, हुंगलं. ते फुप्फुसात उतरलंय. कातडीतूनही आत गेलंय. घरात भांडी घासायचा साबण होता ना?"

"होता."

"तेवढा पुरला असता."

वस्तादाने टेबलाची कड धरली. "मी अर्धवट धुतली असती तर?"

"तर आत कमी गेलं असतं."

माझ्या ओळखीत ह्या माणसाला काम अर्धवट सोडायला हवं होतं, असं कुणी म्हटलेलं नव्हतं. वर्कशॉपमधल्या शंभर माणसांना जे कधी म्हणता आलं नाही, ते ह्या बाईने म्हटलं. आणि ते खरं होतं. तो रॉकेलने सोललेल्या, वर्षानुवर्षं कमावलेल्या त्या हातांकडे बघत राहिला.

वायसरला साबणाने धुऊन प्राणवायूच्या पिंजऱ्यात ठेवायचं ठरलं. पिंजरा म्हणजे काचेची पेटी, एका बाजूने नळी. एका दिवसाच्या पिंजऱ्याचा आकडा मुलीने सांगितला तेव्हा मला वाटलं, महिन्याचा सांगतेय. शिवाय सुया, सलाईन, छातीचा फोटो. आगाऊ रक्कम वेगळी. वस्तादाने खिशातलं सगळं काढलं. त्यात एका गिऱ्हाइकाने पंपाच्या सुट्या भागांसाठी दिलेले पैसेही होते.

"जगेल का?" त्याने विचारलं.

"सांगता येत नाही. आता जो श्वास घेतेय तो तिला झेपत नाही, एवढं सांगते."

घरी ताई दारातच बसली होती. ऐकून घेतलं. मग आत जाऊन ती डबा घेऊन आली. त्यात तिच्या गुडघ्यांच्या सुयांचे पैसे होते. ते कसे साठले, मला माहीत आहे. ताई लोकांचे फाटके कपडे शिवून द्यायची.

"ताई, नको," वस्ताद म्हणाला.

"घे. माझे गुडघे काही पळून जात नाहीत. पळता आलं असतं तर सुया कशाला लागल्या असत्या?"

"आपण दुसरं काही बघू."

"काय बघणार? साबण माझ्या मोरीत होता. तू मागितला नाहीस. सगळं जगाला शिकवत आलास, मला एक विचारलं नाहीस. आता निदान डबा तरी न विचारता घे."

त्याने घेतला. मान वर केली नाही.

पुढचे दिवस तो त्या दवाखान्याच्या बाकावर काढायला लागला. सकाळी जायचा, दार लागेपर्यंत बसायचा. पंपांची कामं पडून राहिली. गिऱ्हाइकं माझ्या दारी येऊन बोलून गेली. एक जण तर पंप अर्धा उघडलेला तसाच उचलून घेऊन गेला. मी अधूनमधून त्याला डबा पोचवायचो.

एकदा गेलो तर आत आरडाओरडा. वस्तादाने खिशातला लांब स्क्रूड्रायव्हर पिंजऱ्याच्या काचेला टेकवला होता आणि मूठ कानामागे. काउंटरवरची मुलगी धावत आली. "काका! काय करताय? काच फुटेल!"

"ऐकतोय."

"काय ऐकताय?"

"तुमच्या यंत्राची घरघर आहे. ती वगळली तर खाली शिट्टी आहे. काल होती तेवढीच."

मुलीने स्क्रूड्रायव्हर काढून घेतला. मग हळूच विचारलं, "खरंच ऐकू येतं?" तो म्हणाला, "येतं. उपयोग काय?"

ताईचा पैशांचा डबा रिकामा व्हायला वेळ लागला नाही. मी माझं थोडं घातलं. ते किती पुरणार? मी म्हणालो, हत्यारं विक. तो आधीच जाऊन आला होता. त्याचे पाने जुन्या इंची मापाचे, गाड्या आता सगळ्या मिलिमीटरच्या. भंगारवाल्याने पेटी काट्यावर ठेवली आणि लोखंडाचा भाव सांगितला. त्या भावात एका सुईचीही सोय होत नव्हती. पेटी परत घेऊन आला. खांद्याला वळ उठला होता.

आणि मग मांजरीने खाल्लं. मुलीनेच बोटावर खाणं धरलं होतं, वायसरने ते चाटलं आणि परत मागितलं. मी पोचलो तेव्हा वस्ताद बाकावर वाकून बसला होता आणि खांदे हलत होते. त्याने तोंड वर केलं तर रडत होता आणि हसतही होता. "टायर," म्हणाला, "दुबार मागितलं तिने. खाणं."

बाईने तपासलं. छातीतला आवाज पूर्ण गेला नाही म्हणाली, बहुधा थोडा कायमचाच राहील. पण घरी न्यायला हरकत नाही.

आम्ही काउंटरवर गेलो. मुलीने कागद पुढे सरकवला. त्यावर जे बाकी होतं ते आमच्या दोघांच्या पेन्शनी एकत्र करूनही भागलं नसतं.

"मांजर द्या. पैसे आणून देतो," वस्ताद म्हणाला.

"काका, हिशेब पुरा झाल्याशिवाय सोडता येत नाही. आणि..." मुलगी चाचरली. "जोवर आहे तोवर तिच्या जागेचं भाडं चालू राहतं."

मी म्हणालो, "म्हणजे पैसे नाहीत म्हणून तिला ठेवायचं, आणि ठेवलं म्हणून पैसे वाढवायचे?"

"मीसुद्धा पगारीच आहे, काका."

डॉक्टरीणबाई बाहेर आली. तिने कागद घेतला आणि स्वतःच्या तपासणीचे सगळे आकडे पेनने खोडले. बाकीच्यांवर पेन फिरवलं नाही. "पिंजरा कर्जाचा आहे. औषधं उधारीची आहेत. एक फुकट सोडलं तर पुढच्या मांजरासाठी प्राणवायू कुठून आणू? मला चांगलं वाटत नाही, पण हे असं आहे. संध्याकाळपर्यंत भरलंत तर आजचं भाडं धरत नाही."

काचेपलीकडे वायसर उठून उभी राहिली होती. तिने पंजा काचेला लावला. तिला वाटलं असावं, निघायचं.

बाहेर फुटपाथवर मी म्हणालो, "वर्कशॉपला जाऊ. तिथे मदतीचा फंड आहे."

"मला कोण देईल?"

"मागून बघ."

"कुणाकडे मागू? सगळ्यांची सालं काढलीत मी."

"मग मांजर सोडून दे इथेच."

तो माझ्याकडे असा बघत राहिला, की वाटलं, आता मारतो. मग चालायला लागला.

निवृत्तीनंतर त्याने त्या फाटकात पाऊल ठेवलं नव्हतं. शेड तीच. तेलाचा वास, रबराचा वास, लोखंडावर पडणारे घाव. माणसं बरीचशी ओळखीची, फक्त केस पिकलेले. आणि काचेच्या खोलीत फोरमनच्या खुर्चीवर चालेल बसलेला.

चालेल बाहेर आला. पोट सुटलं होतं. "या वस्ताद. वाट चुकलात की तपासायला आलात?"

आजूबाजूचे हात थांबले. एक जण गाडीखालून सरपटत बाहेर आला.

वस्ताद उभाच होता. म्हणाला, "पैसे पाहिजेत. मांजर आजारी होती. दवाखान्यात अडकली आहे."

"मांजर?" कुणीतरी मागून म्हणालं. "वस्तादांनी मांजर पाळली? ती बिचारी दिवसातून किती वेळा अंग चाटत असेल!"

हशा पिकला. दुसरा म्हणाला, "आजारी कशाने पडली, वस्ताद?"

मी बोलणार होतो, घशाचं दुखणं होतं, असं काहीतरी सांगणार होतो. वस्तादाने हात आडवा केला.

"तेलात पडली. मी रॉकेलने धुतली."

चालेलनेच विचारलं, अगदी हळू, "किती वेळा?"

"दुबार."

आता हशा असा फुटला, की पत्र्यावरची कबुतरं उडाली. एक जण पोट धरून टायरवर बसला. "नख फिरवून बघितलंत ना, वस्ताद?" "फिरवलं," वस्ताद म्हणाला. तो प्रत्येकाला उत्तर देत होता. कान लाल झाले होते, हात पँटच्या शिवणीला चिकटलेले. तो हलला नाही. हळूहळू हशा ओसरला. कारण तो तिथे तसाच उभा होता, आणि त्याच्याकडे बघत फार वेळ हसणं जमत नव्हतं.

"फंडातून सभासदालाच मिळतं," चालेल म्हणाला. "तुम्ही आता सभासद नाही."

"माहीत आहे."

"फुकट द्यायला माझ्या बापाचं नाही." चालेलने मान खाजवली. "धुलाईच्या हौदावर माणूस टिकत नाही. कालच एक पळाला. तुम्ही हौदावर या. रोजावर. पैसे आत्ता देतो, पोरांकडून गोळा करून. रोजातून वळते करून घेऊ."

"येतो."

"पण ऐका. पार्ट एकदाच धुवायचा. एकदा, आणि पुढे. गाड्या खोळंबल्यात. नख नाही, उजेड नाही, दुबार नाही."

वस्तादाने हौदाकडे बघितलं. कडेला एक गिअरबॉक्स ठेवला होता, नुकताच धुतलेला, खोबणीत काळं तसंच. एवढ्या लांबूनही त्याला ते दिसत असणार. त्याचा जबडा हलला.

"चालेल," तो म्हणाला.

ह्यावर कुणी हसलं नाही. मघाशी जो टायरवर बसून हसत होता, त्यानेच पैसे गोळा करायला टोपी काढून फिरवली.

संध्याकाळच्या आत आम्ही पैसे भरले. मुलीने वायसरला आणून टोपलीत ठेवलं. वस्तादाने हात पुढे केला. ती वाकली, बोटं हुंगली आणि टोपलीच्या तळाशी जाऊन चिकटली. कान मागे. श्वास परत जोरात.

"दमली आहे," मी म्हणालो.

"हं," तो म्हणाला.

घरी टोपली उघडताच ती ताईच्या खाटेखाली गेली. ताईने जमिनीवर बसायला बराच वेळ घेतला, कण्हत, भिंत धरत. मग मांडीवर थापटलं. वायसर बाहेर आली आणि त्या सुजलेल्या गुडघ्यांवर चढून बसली. ताईचं तोंड दुखण्याने वाकडं झालं. तिने तिला उठवलं नाही.

आता वस्ताद रोज सकाळी वर्कशॉपला जातो. कोपरापर्यंत हात रॉकेलमध्ये. पार्ट घेतो, धुतो, पुढे ठेवतो. मी एकदा बघून आलो. पुढे ठेवताना तो त्या पार्टकडे बघत नाही. मान वळवून ठेवतो. घरच्या शेडमधल्या ट्रेला त्याने पत्र्याचं झाकण केलं आहे, बिजागरी लावून, आपोआप मिटणारं. त्यात आता तेल नसतं. पंप आणणारं कुणी उरलं नाही.

संध्याकाळी तो येतो तेव्हा मी त्यांच्या ओट्यावर असतो. गल्लीच्या तोंडाशी त्याची पावलं वाजली, की वायसर ताईच्या मांडीवरून उठते आणि लांबच्या भिंतीशी जाऊन बसते. पूर्वी ती त्याच पावलांना दारात यायची. रॉकेलचा वास तिला पूर्वीही यायचा. तेव्हा तो त्याचा वास होता.

परवा मी विचारलं, "किती दिवस जायचं हौदावर?"

"फिटेपर्यंत."

"मग?"

"मग हातांचा वास जाईल."

ताई आतून म्हणाली, "तुझ्या हातांचा जाईल रे. तिच्या नाकातला?"

तो उंबऱ्यावर टेकला. डोळे मिटले. खोलीच्या त्या टोकाला मांजरी बसली होती, मध्ये सगळी फरशी. मला काही ऐकू येत नव्हतं. त्याला येत असावं.

"शिट्टी आहे अजून," तो म्हणाला. "पण कालच्याहून बारीक."

मग तो मोरीकडे गेला. भांड्यांचा साबण घेतला, बोटांच्या मध्ये, नखांच्या आत, मनगटापर्यंत हात घासले, धुतले आणि नाकाशी धरले. भिंतीशी बसलेली मांजरी त्याच्याकडे बघत होती. त्याने परत साबण उचलला.